बाहेरचं खाणं

दार आपोआप बाजूला सरकलं आणि आत्याची बोलती बंद झाली. घरात असं यापूर्वी एकदाच झालं होतं, तेही तिचा घसा बसला होता म्हणून. गाडीत बसल्यापासून ती थोरल्या भावाच्या, दादाच्या मागे लागली होती. "एका दिवसासाठी हा एवढा तमाशा? माणसं किती, हॉल केवढा? त्या मॅनेजरला चार शब्द सुनावल्याशिवाय मी काही परत येणार नाही." शाळेत वीस वर्षं गणित शिकवलेली बाई ती. तिचे चार शब्द ऐकायला निदान अर्धा तास लागायचा. आणि आता ती उंबरठ्यावर मान मागे टाकून उभी होती, पर्स खांद्यावरून कोपरापर्यंत घसरली होती आणि तिला पत्ताही नव्हता.

वर छत दिसतच नव्हतं. पांढऱ्या झिरझिरीत कापडाच्या हजारो पट्ट्या खाली सोडल्या होत्या आणि त्या सगळ्या एकदम, सावकाश, वरखाली होत होत्या. कुठेतरी मोटारी लावल्या असणार, पण आवाज नाही. एवढी मोठी जागा श्वास घेते आहे असं वाटत होतं.

"अगं बाई," एवढंच आत्या म्हणाली.

वहिनीने ते ऐकलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. दादाची बायको, उद्याची नवरी बिट्टी हिची आई, ही घरात सगळ्यांचीच वहिनी; घरच्या पावाच्या भट्टीवरची माणसंही तिला त्याच नावाने हाक मारायची. हा हॉल तिने पसंत केला होता. नणंद काय म्हणेल या धास्तीने गेले आठ दिवस तिला जेवण गोड लागलं नव्हतं, आणि ती नणंद आता तिचा हात धरून विचारत होती, "वहिनी, उद्या आपणही याच दारातून आत येणार?"

"याच दारातून. आपल्यावर दिवा असणार."

"आपल्यावर?"

"हो. तुझं नाव लिहून दिलंय मी. पाच वाजून नऊ मिनिटांनी, नवरीची आत्या."

आत्याने केस सारखे केले. दादाचा एक शत्रू तिथल्या तिथे कमी झाला.

मॅनेजरबाई पुढे आली. वय फार तर सत्तावीस, एका कानात यंत्र, आणि चालण्यात अशी घाई की तिच्याबरोबर बोलायचं तर पळावंच लागे. उद्याच्या लग्नाची ही रंगीत तालीम होती. नवरदेवाकडची मंडळी सकाळीच तालीम करून गेली होती. होणारे जावई दातांचे डॉक्टर, त्यांना दुपारी दवाखाना होता. मॅनेजरबाईने हातातल्या टॅबवर बोट फिरवलं. "पाच वाजता पहाट होईल," ती म्हणाली.

"संध्याकाळी पाचला?" दादाच्या वडिलांनी, आबांनी विचारलं.

"हॉलमध्ये, सर. बघा."

दिवे मावळले. मग दूर, त्या कापडांच्या पलीकडे, राखाडी उजेड आला. तो हळूहळू फिकट झाला, कडांना पिवळा झाला, खाली उतरला, आणि चार मिनिटांत सगळ्यांच्या अंगावर लख्ख सकाळ पसरली. दादासुद्धा बघत राहिला. मागच्या सहा महिन्यांत त्याने या हॉलच्या पायी भट्टीच्या शेजारचा गाळा विकला होता, रात्रीची झोप घालवली होती. तरी त्या क्षणी त्याला मनापासून वाटलं, दिलं ते सगळं वसूल.

आबा अठ्ठावन्न वर्षं पाव भाजत होते. एवढ्या वर्षांत एकही पहाट त्यांनी अंथरुणात काढली नव्हती. ते बराच वेळ वर बघत राहिले. धुतलेला शर्ट घालून आले होते, पण कानाच्या वळ्यांत पीठ होतंच. ते कधीच निघत नसे.

"उजेड बरोबर आहे," ते म्हणाले. "आधी राखाडी, मग पिवळा. लोक एकदम लाल दाखवतात. हा ज्याने केलाय तो लवकर उठणारा माणूस आहे."

मॅनेजरबाई पहिल्यांदाच थांबली. "तो झोपतच नाही, सर," ती म्हणाली आणि हसली.

वेळापत्रक मिनिटामिनिटाचं होतं. पाच बाराला नवरी येणार. पाच एकतीसला केक. "केकच्या वेळी संगीत बंद. चार सेकंद पूर्ण शांतता. नवरानवरीच्या गळ्याशी माइक लावलेला असेल, त्यांचा श्वाससुद्धा शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल. लोकांच्या अंगावर काटा येतो त्या वेळी."

बिट्टी हे ऐकत आईच्या मागे उभी होती. तिच्याही अंगावर काटा आला होता. उद्या या उजेडात अकराशे माणसांसमोर आपण चालणार, हे तिला खरंच वाटत नव्हतं. लहानपणी भट्टीसमोर पिठाच्या पोत्यावर बसून ती आबांचे पाव मोजायची, तीच मुलगी. पण एक गोष्ट तिला सकाळपासून टोचत होती. बाबांनी आबांना सांगितलं असेल ना? सांगितलंच असेल. तिने विचारलं मात्र नव्हतं.

"आणि हे आमच्याकडून खास," मॅनेजरबाई म्हणाली. "तुमचा कौटुंबिक व्यवसाय लक्षात घेऊन." तिने टॅबवर बोट ठेवलं. भिंतीतल्या जाळीतून हलकीशी झुळूक आली आणि पाठोपाठ वास आला. भाजलेल्या पावाचा. गरम, कडेला किंचित करपलेला.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आबा जाळीपाशी गेले, डोळे मिटून त्यांनी वास घेतला.

"दुसऱ्या भट्टीचा आहे," ते म्हणाले. "पहिल्या भट्टीला थोडा धुराचा वास असतो. कमाल आहे! हे बाटलीत मिळतं?"

"आमच्याकडे चौदा वास आहेत, सर. हा सहा नंबर."

"सहा नंबर," आबांनी आदराने मान डोलावली. मग शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "बरं, आता मागचं दार दाखवा. उद्या तीन वाजता टेम्पो येईल. चारशे पाव आहेत. गरम असतात, वारा लागेल अशी जागा हवी. टेबलं आमची आणली तरी चालतील."

 वरची कापडं वरखाली होत होती.

"पाव?" मॅनेजरबाई म्हणाली.

"लग्नाचे पाव."

"सर, बाहेरचं खाणं आत आणता येत नाही."

"बाहेरचं कुठे? आमचंच आहे."

"म्हणजे, हॉलच्या बाहेरचं. नियम आहे, सर. करारात आहे. साहेबांची सही आहे त्यावर."

आबांनी साहेब कोण म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की साहेब म्हणजे आपला मुलगा. दादा जमिनीकडे बघत होता. जमीन इतकी चकचकीत होती की तिच्यातही त्याला आपलंच तोंड दिसत होतं.

सहा आठवडे तो रोज सकाळी ठरवायचा, आज सांगू. आबांचे वडील या गावात आले ते हातात पिठाचा डबा घेऊन. त्या आंबलेल्या पिठातलं मूठभर रोज राखून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या पिठात मिसळायचं, असं करत ते जुनं पीठ तीन पिढ्या जिवंत होतं. घरातल्या प्रत्येक लग्नाला त्याच पिठाचे पाव. पहिला पाव घरातला सगळ्यांत मोठा माणूस उलटा करायचा, खालच्या बाजूला बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायचा, आणि म्हणायचा, "झालाय. वाट सगळ्यांना." मग नवरी तो मोडायची. बाकी विधी कुठल्याही घरासारखे, पण हे झाल्याशिवाय या घरात लग्न लागलंय असं कोणी मानत नसे. गेले पाच दिवस आबा ते पीठ वाढवत होते. ओल्या फडक्यांखाली टपांची रांग रोज लांबत होती. दादा येताजाता ती बघायचा आणि जीभ रेटायची नाही.

"दादा," आत्या म्हणाली. तिचा आवाज परत आला होता. "तू आबांना सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो."

"कधी? लग्न झाल्यावर? वहिनी, तुला ठाऊक होतं?"

"होतं," वहिनी म्हणाली.

"आणि तू दिव्याचं कौतुक सांगत होतीस मला!"

"मग काय करू?" वहिनीचा आवाज चढला. "माझं लग्न विसरलात सगळे? भट्टीच्या अंगणात. पाव कापणारा आला नाही म्हणून माझ्या हातात सुरी दिली होती, नवरीच्या कपड्यांत! दोनशे माणसांना मी पाव कापून वाढलाय. माझ्या एकाही फोटोत माझे हात स्वच्छ नाहीत. मी तेव्हाच ठरवलं होतं, मला मुलगी झाली तर तिच्या लग्नात तिच्या हाताला पीठ लागू द्यायचं नाही. झालं?"

 त्या लग्नात आत्या तेरा वर्षांची होती आणि तिने तीन वेळा पाव मागून घेतला होता. तिला ते आठवलं, आणि पाव कोण वाढत होतं तेही आज पहिल्यांदाच आठवलं.

बिट्टी कोणाच्याच बाजूला जाऊ शकत नव्हती. आई बरोबर होती. आबाही बरोबर होते. तिने आबांना शोधलं, तर ते तिथे नव्हतेच.

ते केकपाशी गेले होते.

केक सात मजली होता. माणसापेक्षा उंच, दुधासारखा पांढरा, आणि त्यावर खालपासून वरपर्यंत चढत गेलेली वेल. एकेक पान वेगळं, प्रत्येकाच्या शिरा दिसत होत्या, एका पानाला तर किड्याने कुरतडल्यासारखी कड होती. आबा त्याच्याभोवती दोनदा फिरले. भांडण ते विसरले होते. आयुष्यात एवढं सुंदर भाजकाम त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि ज्या माणसाने अठ्ठावन्न वर्षं तेच काम केलं त्याला असं काही दिसलं की त्याचा हात आपोआप पुढे जातो. आबांनी बोट वाकवलं आणि चौथ्या मजल्यावर, जरा खालून, टकटक केली.

आवाज बसका आला.

"बाई!" आबांनी हाक मारली. "अहो बाई, हा मधला थर कच्चा आहे. अजून वीस मिनिटं तरी लागतील. उद्यापर्यंत खचेल हा."

खात्री करावी म्हणून त्यांनी पुन्हा, जरा जोरात वाजवलं. पांढऱ्या सालीला बारीक चीर गेली, ती पळत वर गेली, आणि एक पान खाली पडून त्याचे दोन तुकडे झाले.

 पडद्यामागून एक बाई धावत आली. कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, बोटांना साखर. तिने चीर पाहिली, मग आबांचं वाकवलेलं बोट पाहिलं.

"कच्चा नाही, आजोबा," ती म्हणाली. "आत थर्माकोल आहे. सगळे मजले तसेच. वरून फक्त साखर."

"थर्माकोल," आबा म्हणाले.

"खरा एवढा उंच उभाच राहणार नाही. पाहुण्यांना स्वयंपाकघरातून कापलेले चौकोन येतात."

आबांनी पडलेल्या पानाचे तुकडे उचलले आणि तळहातावर जुळवून पाहिले. "हे हाताने केलंत?"

"एकशे साठ पानं. अकरा दिवस लागले."

"मोडलं माझ्या हातून. मला माफ कर, पोरी." त्यांचा आवाज खराच उतरला होता. "तुझ्या हातात फार मोठी कला आहे. खाणारं कोणी नाही हे माहीत असून एवढं जीव ओतून करायचं, मला नसतं जमलं. माझ्यापुढे उद्याचं गिऱ्हाईक उभं असतं म्हणून माझे हात चालतात."

 मोठमोठ्या लग्नांत केकवालीचे केक उभे राहिले होते. त्यांचे फोटो काढले होते सगळ्यांनी, पण असं कोणी बोललं नव्हतं. "चीर मी भरते," ती म्हणाली. "तुम्ही वाजवलंत कशाला पण?"

"कळतं त्याने. भाजलेला पाव आतून पोकळ वाजतो. कच्चा असला की बसका." ते ओशाळून हसले. "सवय."

मग केकवालीने, कदाचित त्यांचं मन राखायला, केकची मागची बाजू दाखवली. वेलीच्या आड तिने बोट दाबलं आणि तिसऱ्या मजल्यातून छोटा कप्पा बाहेर आला. "इथे फक्त खरं असतं. नवरीची सुरी इथेच जाते. एक तुकडा ठेवतो आम्ही, तेवढाच कापायचा."

आबांनी कप्प्यात वीत टाकून पाहिली. सवयीनेच. "वीतभर," ते म्हणाले, "आणि चार बोटं उंच." आणि कप्पा हळूच बंद केला.  मागितलं मात्र काहीच नाही.

वहिनीने हे सगळं लांबून पाहिलं. सासऱ्यांना ती एकोणतीस वर्षं ओळखत होती. रागावले असते, आदळआपट केली असती, तर तिला सोपं गेलं असतं. पण त्या म्हाताऱ्याने खोट्या पानाची माफी मागितली होती आणि स्वतःच्या चारशे पावांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.  तिने पर्स उघडली आणि कराराचा जाडजूड गठ्ठा बाहेर काढला. दादाने त्यावर न वाचता सही केली होती. वहिनीने तो पाच वेळा वाचला होता, कारण आयुष्यात पहिल्यांदाच तिने काहीतरी एवढं मोठं मागितलं होतं.

"पान नऊ," ती मॅनेजरबाईला म्हणाली. "केक कशात धरलाय तुम्ही? खाण्यात की सजावटीत?"

"सजावटीत, मॅडम. तो खायचा नसतो ना."

"सजावटीत. बरोबर. मी तेव्हा विचारलंही होतं की खाण्यात का नाही, तर तुम्ही म्हणालात दर वेगळा आहे. मग त्या कप्प्यातली वस्तू कशात आली?"

मॅनेजरबाईने टॅब खालीवर केला. कानातल्या यंत्रात कोणाशीतरी बोलली. "सजावटीतच येते," ती शेवटी म्हणाली. "पण तिथे काय ठेवायचं ते सजावट विभाग ठरवतो, मॅडम. माझ्या हातात नाही."

"मग सजावट विभागाला बोलवा."

"मीच आहे," केकवाली म्हणाली. तिने आबांकडे पाहिलं. "वीतभर आणि चार बोटं. एक केसही जास्त नको, नाहीतर कप्पा अडकेल."

आत्याने वहिनीकडे असं पाहिलं की जणू एवढी वर्षं वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलीने फळ्यावरचं सगळ्यांत अवघड गणित सोडवलं होतं. दादाला कोणाकडेच बघवत नव्हतं. आबा त्याच्याजवळ गेले. "सकाळी लवकर ये भट्टीवर," ते म्हणाले. "टपात पीठ खूप आहे. एकट्याने व्हायचं नाही." दादाने मान हलवली.

सकाळी सगळं घर भट्टीवर होतं. एवढ्या पिठाचं दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. चारशे पाव भाजले आणि आत्याने ते गल्लीत दारोदार दिले, प्रत्येक दारात लग्नाची पूर्ण हकिगत सांगून. पण सगळ्यांत आधी, भट्टीचा ताव नीट बसल्यावर, आबांनी एकच पाव आत सारला. वीतभर लांब. चारशेंच्या घाईत अठ्ठावन्न वर्षं काढलेला माणूस एका पावासाठी भट्टीच्या तोंडाशी बसून राहिला आणि त्याच्यामागे कोणी श्वासही मोठ्याने घेत नव्हतं. पाव वर यायला लागला तसा वहिनीने पदर तोंडाला लावला. तिचे हात कोपरापर्यंत पिठाने भरले होते.

बिट्टीला मात्र त्यांनी भट्टीजवळ येऊ दिलं नाही. "हात स्वच्छ ठेव," आबा म्हणाले. "आईची इच्छा आहे."

हॉलमध्ये संध्याकाळी पाचला पहाट झाली आणि अकराशे माणसांनी एकदम माना वर केल्या. आत्या पाच वाजून नऊ मिनिटांनी दिव्याखालून चालली आणि जन्मात पहिल्यांदा कोणाला काही न सुनावता शेवटपर्यंत गेली. आबांना टेबल क्रमांक एक्केचाळीस मिळालं होतं. पुढच्या रांगा फोटोत बसण्याच्या हिशोबाने ठरल्या होत्या. त्यांची तक्रार नव्हती. तिथून छत पूर्ण दिसत होतं.

पाच एकतीसला संगीत थांबलं. केक उजळला. चीर कुठे होती ते आबांनाही सापडलं नाही. बिट्टीने वेलीआड बोट दाबलं, कप्पा अलगद बाहेर आला, आणि जावयांनी सुरी पुढे केली.

तिने सुरी घेतली आणि खाली ठेवली.

मग दोन्ही हातांनी पाव बाहेर काढला, उलटा केला, बोट वाकवलं आणि वाजवलं. तिच्या गळ्याशी माइक होता. टक, टक, टक. तो आवाज चारी भिंतींतून आला, वरच्या कापडांतून आला, टेबलांखालून आला. लख्ख, पोकळ, आतपर्यंत भाजलेला. अकराशे माणसं तशीच बसून राहिली. आबांनी तो आवाज आयुष्यभर पावाला कान लावून ऐकला होता, फक्त स्वतःपुरता. तो एवढा मोठा असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. 

चार सेकंद संपले. मॅनेजरबाईने संगीतवाल्याला खूण करायला हात वर केला, आणि तो तसाच राहिला.

"आबा," बिट्टीचा आवाज सगळ्या हॉलभर झाला. "झालाय का?"

माणसं वळून वळून बघायला लागली. एक्केचाळीस नंबरच्या टेबलापाशी, ज्याच्या गळ्याशी कुठलाच माइक नव्हता असा एक म्हातारा खुर्चीला धरून उभा राहिला.

"झालाय," आबा म्हणाले. भट्टीच्या आवाजावरून हाक मारायची सवय होती, त्यामुळे ते अगदी पुढपर्यंत ऐकू गेलं. "वाट सगळ्यांना."

पाव वीतभर होता आणि माणसं अकराशे. बिट्टीने तो मोडायला घेतला.